पावसात घरट्याबाहेर पडलेली पिल्ले
शेतकरी कुटुंबांसाठी एक अभ्यासपाठ

मृगाचा पहिला पाऊस पडला की लोधीखेड्याच्या आसपासच्या संत्राबागांत दरवर्षी एक गोष्ट हटकून दिसते. सकाळी बागेत जावे तर एखाद्या झाडाखाली ओल्या गवतात बुलबुलाचे किंवा साळुंकीचे पिल्लू बसलेले असते. शेपूट आखूड, पिसे अंगाला चिकटलेली, चोच उघडी. मुले ते ओंजळीत घेऊन घरी आणतात. घरातली माणसे कापसाच्या बोळ्याने त्याच्या चोचीत दूध पिळतात, भाताची शिते भरवतात, वरून पाणी पाजतात. संध्याकाळपर्यंत ते मान टाकते. मग सगळे म्हणतात, "बिचारे पावसाने मेले."

आमच्या घरीही असेच घडले. पिल्लू आणणारी मुलगी दोन दिवस जेवली नाही. त्या वेळी एका जाणत्या शेजाऱ्याने आम्हाला विचारले, "तुम्ही त्याला उचलले तेव्हा त्याची आई कुठे होती?" आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण आम्ही वर पाहिलेच नव्हते. पुढच्या पावसाळ्यात आम्ही वही घेऊन बसलो आणि एक घरटे रोज पाहिले. त्यातून आणि जाणकारांनी लिहून ठेवलेल्या माहितीतून जे शिकलो ते या पाठात सांगत आहोत.

१. पडलेले की बाहेर आलेले?

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की जमिनीवर दिसणारे प्रत्येक पिल्लू घरट्यातून पडलेले नसते. बहुतेक लहान पक्ष्यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. पिल्ले मोठी होतात तशी घरट्यात दाटी होते. त्यांचा आवाज वाढतो, विष्ठेचा वास येतो, आणि साप, मांजर, मुंगूस, कावळा यांना घरट्याचा पत्ता लागतो. एकाच जागी तीन पिल्ले असली तर एका खेपेत तिन्ही जातात. ती तीन फांद्यांवर विखुरली तर एखादे तरी वाचते. म्हणून पंखांत पुरते बळ येण्याआधीच ती बाहेर पडतात आणि पुढचे काही दिवस झुडपात, गवतात, खालच्या फांद्यांवर काढतात. या दिवसांत आई-बाप त्यांना तिथेच चारा आणून देतात. घरटे सोडणे आणि स्वतः पोट भरणे यांत कित्येक दिवसांचे अंतर असते, आणि आपली गल्लत याच काळात होते.

२. घरट्यातले दिवस

आपल्या भागातील काही ओळखीच्या पक्ष्यांचे हिशेब असे आहेत. हवामान आणि चारा यांप्रमाणे त्यात एक-दोन दिवसांचा फरक पडतो.

बुलबुल (शेपटीखाली तांबडा डाग असलेला): दोन ते तीन अंडी. सुमारे १४ दिवसांत पिल्ले निघतात आणि ११ ते १३ दिवसांची झाली की घरटे सोडतात.

घरचिमणी: पिल्ले सुमारे १४ ते १६ दिवस घरट्यात राहतात.

साळुंकी: १७-१८ दिवस अंडी उबवते. पिल्ले तीन आठवड्यांहून थोडी अधिक काळ भिंतीच्या किंवा झाडाच्या ढोलीत राहतात.

कोतवाल: अंडी उबवण्यास सुमारे १५ दिवस लागतात आणि पिल्ले १६ ते २० दिवसांत बाहेर येतात.

सुगरण: मादी सुमारे १५ दिवस अंडी उबवते. जवळजवळ तितक्याच दिवसांनी पिल्ले घरट्याच्या नळीतून बाहेर येतात.

बुलबुलाचे घरटे म्हणजे उघडी वाटी. ढोलीत किंवा नळीच्या घरट्यात वाढणारी पिल्ले अधिक दिवस आत राहू शकतात, कारण तिथे वारा-पाऊस आणि शत्रू यांचा त्रास कमी होतो. उघड्या वाटीतल्या पिल्लांना लवकर निघावे लागते. त्यामुळे पावसाळ्यात बागेत भिजलेले जे पिल्लू सापडते, ते बहुधा उघड्या घरट्यातले असते.

३. आम्ही पाहिलेले घरटे

हे घरटे संत्र्याच्या झाडावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होते. गवताच्या काड्या, मुळ्या आणि कोळ्याची जाळी यांची ती लहानशी वाटी. मोटारीच्या खोलीच्या दारातून ते वीस पावलांवर दिसत असे. आम्ही नियम केला की रोज तिथूनच पाहायचे, फांदीला हात लावायचा नाही आणि झाडापर्यंत पायवाट पाडायची नाही. माणसाच्या रोजच्या वाटेने मांजरही मागे येते.

नवव्या दिवशी पिल्लांच्या अंगावरच्या पिसांच्या नळ्या फुटून पिसे दिसू लागली. दहाव्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ आले आणि रात्रभर पाऊस पडला. अंधार पडेपर्यंत आम्ही पाहिले. मादी दोन्ही पंख थोडे पसरून वाटीवर बसली होती आणि पाणी तिच्या पाठीवरून बाहेर ओघळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर चालू होती. आदल्या दिवशी तासाभरात दहा-बारा वेळा चारा येत असे. त्या सकाळी तासात तीनदाच आला. दुपारी ऊन पडले आणि धुऱ्याच्या वारुळातून पंख फुटलेली वाळवी धुरासारखी वर निघाली. मग कोतवाल, साळुंक्या, चिमण्या, बुलबुल सारे तिच्यावर तुटून पडले. आमच्या घरट्यावर इतक्या खेपा झाल्या की मोजणे सोडून द्यावे लागले.

बाराव्या दिवशी पुन्हा सर आली. वाऱ्याने फांदी हलत होती. एक पिल्लू वाटीच्या काठावर येऊन बसले. बाप चोचीत अळी घेऊन आला, पण घरट्यावर गेला नाही. दोन हात दूर दुसऱ्या फांदीवर बसून तो बोलावू लागला. पिल्लू ओरडले, पंख फडफडवले आणि धडपडत त्या फांदीवर गेले. तिथे त्याला अळी मिळाली. दुसरे पिल्लू दुपारी निघाले, पण फांदी चुकून दोन ओळींच्या मधल्या गवतात उतरले. तिसरे रात्रभर घरट्यातच राहिले.

गवतातले पिल्लू आदल्या वर्षीच्या पिल्लासारखेच दिसत होते. तसेच भिजलेले, तसेच गप्प. मुलगी उठून धावू लागली. आम्ही तिला थांबवले आणि घड्याळ लावून अर्धा तास बसलो. त्या अर्ध्या तासात मादी दोनदा गवतात उतरून त्याला चारून गेली. मुलगी हळूच म्हणाली, "मागच्या वर्षीही ती आलीच असती." आम्ही काही बोललो नाही.

थोड्या वेळाने शेजारचे मांजर धुऱ्यावर दिसले. तेव्हा मात्र आम्ही पिल्लू कोरड्या फडक्यात धरून जवळच्याच झाडाच्या आतल्या फांदीवर ठेवले आणि परत दारात येऊन बसलो. दहा मिनिटांत बाप तिथे पोचला.

पुढच्या आठ दिवसांनी दोन पिल्ले आई-बापांच्या मागे पंख थरथरवत चारा मागताना दिसत होती. शेपटी अर्धी आली होती. घरट्यात मागे राहिलेले तिसरे पिल्लू पुन्हा दिसले नाही. घरट्याखाली चार पिसे सापडली. त्याला कोणी नेले ते आम्हाला कळले नाही. तीनपैकी दोन जगली, हे रानातल्या हिशेबाने चांगलेच म्हणावे लागेल. लहान पक्ष्यांच्या पिल्लांपैकी बरीच पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून तर पक्षी एका हंगामात पुन्हा अंडी घालतात.

४. पावसात नेमके काय होते?

पक्ष्याचे अंग आपल्यापेक्षा गरम असते. त्याचे तापमान ४० अंशांच्या वर राहते. ही ऊब पिसांत अडकलेल्या हवेमुळे टिकते. मोठा पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावतो, त्यामुळे पाणी बरेचसे ओघळून जाते. पिल्लाची पिसे अपुरी असतात आणि पोटाकडचा भाग उघडाच असतो. ते भिजले की पिसांतली हवा जाते आणि अंग झपाट्याने थंड होते.

ऊब टिकवायला चारा लागतो, आणि नेमका त्याच वेळी चारा तुटतो. पावसात किडे उडत नाहीत, अळ्या पानांखाली दडतात. मादीला पिल्लांवर बसावे तर चारा आणता येत नाही, आणि चाऱ्याला जावे तर पिल्ले भिजतात. एखादी सर पिल्ले सहज सोसतात. झड दोन-तीन दिवस लांबली तर थंडी आणि उपासमार मिळून त्यांचा घात करतात.

तरीही आपल्याकडचे अनेक पक्षी पावसाच्या तोंडावर किंवा पावसातच पिल्ले वाढवतात, कारण पिल्लांना लागणाऱ्या मऊ अळ्या आणि वाळवी याच दिवसांत मुबलक मिळतात. ज्या पावसाने काही पिल्ले मरतात, त्याच पावसाने बाकीच्यांचा चारा येतो.

५. किहीमच्या सुगरणी

पावसाळ्यात घरट्यापुढे चिकाटीने बसून केलेल्या निरीक्षणाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण डॉ. सलीम अली यांचे आहे. १९३० साली ते जर्मनीहून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात आडोशाला बसून त्यांनी रोजच्या नोंदी केल्या आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्या छापून आल्या.

त्यांच्या नोंदींतून कळले की घरटे नर विणतो, पण ते अर्धे झाले की थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केले तरच नर ते पुरे करतो, नळी विणतो आणि मग दुसरे घरटे सुरू करतो. अंडी उबवण्याचे काम मादीचे, आणि पिल्लांना चारण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच. सुगरण दाणे खाणारी, पण पिल्लांना ती किडे आणि अळ्या भरवते.

सुगरणीची घरटी बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला असतात. नैऋत्येकडून येणाऱ्या पाऊस-वाऱ्यापासून तिथे आडोसा मिळतो, असे जाणकार मानतात. नर घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळेही लावतो. वाऱ्यात घरटे हेलकावे कमी खावे यासाठी ते असावेत असा एक समज आहे. आपल्या विहिरीवर झुकलेल्या शिंदीवर किंवा बाभळीवर घरटी असतील तर दिशा पाहून वहीत लिहावी.

६. टिटवीचा वेगळा संसार

टिटवी उघड्या वावरात ढेकळांमध्येच अंडी घालते, बहुधा चार. तिने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त पडणार, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. तिची पिल्ले अंगावर लव घेऊनच जन्मतात आणि थोड्याच वेळात चालू लागतात. त्यांना घरट्यात राहावे लागत नाही. पण पावसात तीही गारठतात आणि आईच्या पोटाखाली शिरतात. वखरणी करताना टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली तर बैल किंवा ट्रॅक्टर थांबवून पुढची जागा पाहावी. अंडी असतील तर काठी रोवून तेवढा हातभर तुकडा सोडावा.

७. पिल्लू दिसले तर काय करावे?

प्रथम दूर उभे राहून अर्धा तास पाहावे. आपण जवळ उभे राहिलो तर आई येत नाही. नंतर पुढीलप्रमाणे वागावे.

(अ) अंगावर पिसे आहेत, उड्या मारते, बोट जवळ नेले की दूर सरकते: ते ठीक आहे. तिथेच राहू द्यावे. कुत्रे-मांजर किंवा रस्ता जवळ असेल तर त्याच जागेजवळच्या दाट झुडपात ठेवावे. फार लांब नेऊ नये, आई-बाप त्याला आवाजावरून शोधतात.

(आ) उघडे, डोळे मिटलेले किंवा नुसत्या नळ्या फुटलेले: हे खरोखर पडलेले आहे. घरटे सापडले तर त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे.

(इ) घरटे मोडले असेल तर: लहान टोपली किंवा पाणी निथळेल अशी भोके पाडलेली डबी घ्यावी. तिच्यात कोरडे गवत घालून ती त्याच फांदीवर पावसाच्या आडोशाने बांधावी आणि पिल्ले तीत ठेवावी. आई-बाप येतात का ते दुरून पाहावे.

(ई) भिजून थंड पडलेले, हालचाल मंद: कोरड्या फडक्यात हलके टिपून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. चुलीजवळ ठेवू नये. तासाभरात अंग गरम होऊन ते ओरडू लागले आणि पाऊस ओसरला की सापडले तिथेच परत ठेवावे.

(उ) दूध, पोळी, भात काही देऊ नये. चोचीत पाणी पिळू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. आमच्या घरचे पिल्लू बहुधा असेच गेले.

(ऊ) पंख मोडला असेल किंवा मांजराचा दात लागला असेल तर वन विभागाच्या जवळच्या कार्यालयाला कळवावे. रानपक्षी पिंजऱ्यात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो पोपट असो, बुलबुल असो की मुनिया.

८. बागेत आणि वावरात

पावसावर आपला इलाज नाही, पण पावसाच्या त्या आठवड्यात आपल्या हातून होणारे नुकसान टाळता येते.

संत्र्याची सल काढताना प्रत्येक झाड आधी आतून पाहावे. घरटे असलेली फांदी दोन-तीन आठवडे तशीच ठेवली तर बागेचे काही बिघडत नाही.

फवारणीचा विचार नीट करावा. संत्र्याची नवती फुटते, पऱ्हाटीवर कीड दिसू लागते, तेव्हाच पक्षीही पिल्लांसाठी अळ्या वेचत असतात. विष खाल्लेली अळी सुस्त पडते आणि पक्ष्याला पहिल्यांदा तीच सापडते. म्हणून कीड खरोखर किती आहे ते पाने उलटून पाहिल्यावाचून पंप भरू नये. जिथे कीड आहे तेवढ्याच ओळी फवाराव्या. संत्र्याची पाने खाणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या लहान झाडांवर थोड्या असतील तर हाताने वेचून नष्ट करता येतात. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर फवारूच नये. औषध धुऊन जाते, पैसा वाया जातो आणि विष नाल्याला लागते.

धुऱ्यावरची बोर, बाभूळ, करवंद ही झुडपे मुळापासून साफ करू नयेत. घरट्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले काही दिवस तोच आसरा असतो. कोतवालाचे घरटे असलेले झाड तर जपावेच. तो कावळ्याला आणि घारीलाही हुसकावतो, म्हणून बुलबुल आणि होले यांसारखे गरीब पक्षी त्याच्या आश्रयाने घरटी करतात.

९. आरोग्याच्या दृष्टीने

पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे. मुलांनी पिल्लू तोंडाजवळ नेऊ नये. एखादे पिल्लू मेलेले दिसणे नेहमीचे आहे, पण एकाच जागी अनेक पक्षी मेलेले आढळले तर उघड्या हाताने उचलू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, आणि २०२०-२१ च्या हिवाळ्यात इंदूर येथे मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला.

जे विष पक्ष्याला मारते ते माणसालाही सोडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. तोंडाला मुसके, हातात मोजे, अंगभर कपडे घालावे. दोन औषधे मनाने मिसळू नयेत. मळमळ, डोकेदुखी किंवा अंधारी वाटली तर काम थांबवून ताबडतोब दवाखान्यात जावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा.

१०. घरी करण्याचा अभ्यास

येत्या पावसाळ्यात प्रत्येक घराने एक घरटे निवडावे. मुलांनी दुरून पाहून वहीत या गोष्टी लिहाव्या: पक्ष्याचे नाव, झाड आणि घरट्याची दिशा, पिल्ले दिसली तो दिवस, कोरड्या दिवशी तासात चाऱ्याच्या खेपा किती आणि पावसाच्या दिवशी किती, कोणते पिल्लू केव्हा आणि कसे बाहेर पडले, आठ दिवसांनी किती दिसली. घरातल्या मोठ्यांनी त्याच वहीत फवारणीची तारीख लिहावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या.

आमच्या वहीचे पहिले पान मुलीने लिहिले आहे. वर तारीख, झाडाची ओळ, आणि खाली एकच सूचना: "आधी वर बघा, आई कुठे आहे." आता बागेत कामाला येणारी माणसेही पिल्लू दिसले की पहिल्यांदा वर पाहतात.